दारू आणि मनाच्या, झोपेच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका बाजारात माझं औषधाचं दुकान आहे. मानसिक आजाराची औषधं नेणारी माणसं आणि त्यांच्या घरचे लोक काउंटरवर आवाज खाली आणून किंवा रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. आत्ता तुमच्यासमोर कोणी दारू आणि गोळ्या घेऊन उठत नसेल, तर आधी १०८ ला फोन लावा आणि मग थेट प्रश्न १० वाचा.

१. शामक औषध म्हणजे नेमक्या कुठल्या गोळ्या? माझी त्यात येते का?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोबाझाम, एटिझोलाम हा एक गट. घाबरल्यासारखं होणं, चिंता, फिट, झोप न लागणं यांसाठी या गोळ्या दिल्या जातात. झोल्पिडेम ही निव्वळ झोपेची गोळी. पाकिटावर ठळक छापलेलं असतं ते कंपनीने दिलेलं नाव. मूळ औषधाचं नाव त्याच्याजवळच बारीक अक्षरात असतं. ते वाचा, दिसत नसेल तर आम्हाला विचारा.

पुष्कळ लोक इथेच फसतात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. ती घेणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "मी फक्त डिप्रेशनची गोळी घेतो, झोपेची नाही." त्याच्या त्या एका गोळीत शामक औषध आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

२. दोन्ही एकत्र पोटात गेलं की होतं काय?

मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं एक रसायन असतं. वर सांगितलेल्या गोळ्या त्याचा जोर वाढवतात आणि दारूही तेच करते. त्यामुळे गुंगी, तोल जाणं, विसरणं हे सगळं वाढतं. पण जीव जातो तो श्वासामुळे. झोपेत आपला श्वास मेंदूच चालवत असतो. तो भागच मंदावला की श्वास उथळ होतो, लांबतो, कधी थांबतो. घशात काही आलं तर ठसका लागून जाग येते, तीही येत नाही. उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते.

दारूचे जेवढे पेग एरवी पचतात आणि गोळीची जेवढी मात्रा एरवी नीट चालते, तेवढीच दोन्ही एका रात्री घेतली तरी हे होऊ शकतं. त्यामुळे "मी काही जास्त घेतली नव्हती" हे वाक्य खरं असूनही माणूस अत्यवस्थ असू शकतो.

३. मी वर्षानुवर्षं दोन्ही घेतोय. मला काही झालं नाही, मग?

सवय होते ती मुख्यतः गुंगीची. पूर्वी एका गोळीत झोप यायची, आता येत नाही, असं तुम्हाला जाणवतं. श्वासाला मात्र तितकी सवय होत नाही. म्हणजे झोप येण्यासाठी लागणारी मात्रा वाढत जाते आणि ती श्वास बंद पाडणाऱ्या मात्रेच्या जवळ सरकत राहते.

शिवाय रोजची रात्र सारखी नसते. एखाद्या दिवशी छातीत कफ असतो, जेवण झालेलं नसतं, डॉक्टरांनी गोळी बदललेली असते, वय पासष्टीच्या पुढे गेलेलं असतं. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसाला तर हा धोका आधीपासूनच असतो. आणखी एक गोष्ट घरच्यांकडून पुन्हापुन्हा ऐकतो: दारू आणि गोळी मिळून त्या रात्रीची आठवण पुसली जाते, गोळी घेतल्याचं माणूस विसरतो आणि दुसरी घेतो.

४. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवलं म्हणजे चालेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर कोणाला आवडत नाही: रोज गोळी घेणाऱ्यासाठी असं सुरक्षित अंतर नसतं.

हिशेब बघा. व्हिस्की-रमच्या ३० मिलिच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं आणि तेवढं उतरायला यकृताला ढोबळ एक तास लागतो. क्वार्टर म्हणजे १८० मिलि, म्हणजे सहा तास. रात्री दहाला क्वार्टर संपवली तर पहाटे चारपर्यंत दारू रक्तात आहे. गोळीचा हिशेब याहून लांबचा. घेतलेल्या मात्रेतली निम्मी शरीरातून जायला झोल्पिडेमला दोन-तीन तास, अल्प्राझोलामला साधारण ११ तास, क्लोनाझेपामला ३० ते ४० तास लागतात. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य कित्येक दिवस रेंगाळतं. आणि हे फक्त निम्म्याचं बोलतोय. रोज रात्री क्लोनाझेपाम घेणाऱ्याच्या रक्तात ते चोवीस तास असतंच, त्यामुळे "गोळी रात्री, बिअर दुपारी" हे अंतर फक्त घड्याळातलं आहे.

५. मग ज्या दिवशी घेणार त्या दिवशी गोळी चुकवली तर?

असं करू नका. आमच्या भागात हा तोडगा घराघरात आहे. जत्रा आहे, लग्न आहे, मुंबईचा भाऊ आलाय, म्हणून "आज गोळी नको" असं घरचेच सांगतात, तेही काळजीपोटी.

पहिली अडचण वरच्या उत्तरात आली: एक दिवस न घेतल्याने कालची-परवाची गोळी रक्तातून जात नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. महिनोन्महिने चाललेली अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारखी गोळी एकदम तोडली की घाम, थरथर, छातीत धडधड, झोप पूर्ण उडणं सुरू होतं आणि काहींना फिट येते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराच्या गोळ्या चुकवत गेलं तर आजार उलटतो. बहुतेकदा लगेच उलटत नाही, काही आठवड्यांनी उलटतो, म्हणून त्या चुकवलेल्या गोळ्यांशी त्याचा संबंध कोणी लावत नाही.

पिणं झालंच, तर त्या रात्रीच्या गोळीचं काय करायचं हे आधीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं असतं. काही त्या रात्री थांबवायला सांगतात, काही ठरल्या वेळी घ्यायलाच लागतात. हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही. रात्री अकरा वाजता अंदाजाने ठरवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

६. माझी गोळी झोपेची नाही. डिप्रेशनची, स्किझोफ्रेनियाची किंवा लिथियम आहे. मला चालेल?

आधी प्रश्न १ मधली एकत्र गोळीची गोष्ट तपासा. त्यानंतर औषधाप्रमाणे बघावं लागतं.

क्वेटियापिन, ओलान्झापिन, क्लोझापिन, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन या गोळ्या शामक गटातल्या नसल्या तरी गुंगी भरपूर आणतात, त्यामुळे दारूबरोबर जवळपास तोच धोका. क्वेटियापिन, क्लोझापिनसारख्या गोळ्यांवर उभं राहताना रक्तदाबही खाली येतो. पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना हे लक्षात ठेवा. व्हॅल्प्रोएटचा भार यकृतावर पडतो, दारूचाही तिथेच. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन यांच्याबरोबर श्वासाचा धोका कमी असतो, पण ज्या उदासीसाठी गोळी चालू आहे ती उदासीच दारू वाढवते.

लिथियमबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात गफलत होते. दारूने लघवी वाढते, उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं. एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत तर आणखीच. पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषारी पातळीवर जाऊ शकतं. तेव्हा हात जोरात थरथरतात, जुलाब-उलट्या होतात, माणूस अडखळत चालतो, बोलणं जड होतं. बघणाऱ्याला वाटतं, चढलीय. लिथियम घेणारा माणूस दुसऱ्या दिवशीही असाच वागत असेल तर ती दारू समजू नका. दवाखान्यात नेऊन रक्तातली लिथियमची पातळी तपासायला सांगा.

याशिवाय सर्दीच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन याही गुंगीत भर घालतात. दुकानात येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा.

७. उर्राक, बिअर, माडी तर हलकी. त्याला एवढं काय?

६५० मिलिची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे अल्कोहोलच्या हिशेबात चार पेग. उर्राक ही काजूची दारू फेणीपेक्षा सौम्य असते हे खरं, पण ती पाण्यासारखी ग्लासावर ग्लास घेतली जाते. हातभट्टीच्या दारूत किती टक्के काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, त्यामुळे तिथे प्रश्न ४ मधला हिशेबही लागू पडत नाही.

माडीचं वेगळं सांगायला हवं. झाडावरून सकाळी उतरवलेली ताजी माडी आणि दुकानातली माडी यांत फरक असू शकतो. नशा वाढावी म्हणून माडी-ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलामसारखं शामक औषधच मिसळल्याची प्रकरणं तेलंगणासारख्या राज्यांत वारंवार उघड झाली आहेत. अशी माडी पिणारा माणूस घरी येऊन स्वतःची गोळी घेतो तेव्हा त्याच्या पोटात दारू, एक गोळी आणि त्याला ठाऊक नसलेली दुसरी गोळी असते.

८. झोपच लागत नाही. गोळीपेक्षा एक पेग बरा ना?

पेगने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते. तीन-साडेतीनला जाग येते, जीव घाबरा होतो आणि मग लोक उरलेल्या रात्रीसाठी गोळी घेतात. त्या वेळी दारू अजून रक्तात असते. झोपेची तक्रार डॉक्टरांकडे न्या.

९. "माझो झील डोक्याची औषधां घेता. शिमग्याक सगळ्यांवांगडा एक-दोन पेग घेतल्यान तर चलात काय?"

शामक गोळी चालू असेल तर नाही. पण या आईच्या प्रश्नात दुसराही एक प्रश्न आहे: शिमग्याला पालखी नाचवताना सगळी पोरं एकत्र असतात आणि आपला मुलगा बाजूला पडू नये. हे मला पटतं. आजारामुळे आधीच एकटा पडलेल्या माणसाला आणखी एकटं पाडणं बरं नव्हे.

म्हणून घरात कोंडून ठेवण्यापेक्षा त्याच्या एका जवळच्या मित्राला किंवा चुलतभावाला विश्वासात घ्या. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "त्याचं औषध चालू आहे, त्याला आग्रह नको" एवढं पुरतं. आमच्याकडे आग्रह फार, आणि आग्रह करणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक नसतं. मुलाने तरीही घेतलीच, तर ओरडाआरडा नंतर. त्या रात्री त्याला एकट्याला माडीवर झोपायला पाठवू नका आणि पुढच्या उत्तरातली लक्षणं बघत राहा.

१०. दारू पिऊन गोळ्याही घेतल्यात आणि आता उठवलं तरी उठत नाही. काय करू?

"झोपू दे, सकाळी उतरेल" असं म्हणून कोणी दिवा मालवू नका. साधी झोप आणि ही गुंगी यांतला फरक ओळखता येतो. नावाने मोठ्याने हाक मारा, खांदा जोरात दाबा. डोळे उघडून काहीतरी बोलला तर ठीक, तरी एकटं सोडू नका. उत्तरच देत नसेल तर १०८ ला फोन लावा आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत लांब खंड, घशातून घुरघुर, ओठ-नखं निळसर, अंग गार, यांपैकी काहीही दिसलं तर क्षणही न दवडता १०८. हाकेला उत्तर देत नसेल तर बाकी काही दिसत नसलं तरी १०८. घुरघुर म्हणजे गाढ झोप, असं समजून अनेक घरांनी वेळ घालवलाय.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडा, म्हणजे तो पालथा किंवा उताणा होणार नाही. डोकं किंचित मागे, तोंड जमिनीच्या बाजूला, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. मानेभोवतीचं काही घट्ट असेल तर सैल करा. श्वास पूर्ण थांबला असेल तर उताणा ठेवून छातीच्या मध्यावर जोरजोरात दाब द्यायला लागा. १०८ वरचा माणूस फोनवर सांगत राहील.

लिंबूपाणी, ताक, कॉफी काही पाजू नका. बोटं घालून उलटी काढू नका. विहिरीवर नेऊन पाणी ओतू नका. यातल्या एकानेही रक्तातली दारू किंवा गोळी कमी होत नाही आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं.

वाडी रस्त्यापासून खाली उतारावर असेल आणि गाडी पाखाडीपाशीच (पायऱ्यांच्या वाटेपाशीच) थांबणार असेल, तर एकाला बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं करा. खुर्चीतून किंवा डोलीतून वर न्यायची वेळ आली तर मान छातीवर पडू देऊ नका. रिकामी पाकिटं, बाटली जे सापडेल ते बरोबर घ्या आणि डॉक्टरांना जे घडलं ते खरंखरं सांगा. पोटातली गोळी अजून रक्तात उतरत असते, त्यामुळे तासाभरापूर्वी बोलणारा माणूस आता जास्त बिघडलेला असू शकतो.

११. दारू सोडवायला डॉक्टरांनी त्याच गटातली गोळी दिलीय. हे कसं?

बरोबर दिलीय. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की काही तासांत थरथर, घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस बरळतो, ताप चढतो. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून दारूची जागा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामने घेऊन ती मात्रा दिवसागणिक उतरवत नेतात, सोबत बी१ जीवनसत्त्व देतात. हे दारू पूर्ण बंद असताना, देखरेखीखाली करायचं असतं. या गोळ्या चालू असताना पुन्हा प्यायला लागला तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आमच्याकडे श्रावण पाळायचा म्हणून, माळ घालायची म्हणून किंवा घरात गणपती बसणार म्हणून एका दिवसात बाटली बंद करणारे खूप आहेत. निश्चय मोलाचा आहे, पण रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटून मगच थांबवावं. "देवाचं करताना अंगात आलं" असं ज्याला म्हटलं गेलं ते दारू तुटल्याचं लक्षण असू शकतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

१२. नवऱ्याला नकळत जेवणातून दारू सुटायची पावडर देऊ का?

देऊ नका, ताई. तुमची दमछाक कळते, तरीही नको. त्यात बहुधा डायसल्फिराम असतं. त्यावर दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. क्वचित जीवही जातो. औषध बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. मानसिक आजार असलेल्याचे भास त्याने वाढू शकतात. आपण काय घेतोय हे ठाऊक असलेला आणि त्याला तयार असलेला माणूसच हे घेऊ शकतो.

१३. रात्री गोळी घेतो, संध्याकाळी थोडी दारू. सकाळी होडीवर किंवा गाडीवर जाऊ शकतो?

दोन्हींचा अंमल सकाळपर्यंत उरतो (प्रश्न ४). वाहन चालवताना रक्तात १०० मिलिला ३० मिलिग्रॅम ही अल्कोहोलची कायद्याची मर्यादा आहे, पण गोळीबरोबर त्याखालीही हात-डोळे मंद असतात आणि औषधाच्या अंमलाखाली गाडी चालवणं हाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. होडीवर तर पाय घसरून पाण्यात पडणाऱ्याला शुद्धच नसेल तर पोहता येऊन उपयोग काय? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माणसं घरी बसून असतात, हातात पैसा नसतो. त्या दोन महिन्यांत दारू आणि झोपेची गोळी दोन्हींची मागणी वाढलेली मला काउंटरवर दिसते. खलाशी बंधूंनो, झोप उडाली असेल तर याच काळात डॉक्टरांना दाखवा, वेळही असतो.

१४. दारू प्यायल्यावर मनात जीव द्यायचे विचार येतात. घरात गोळ्या आहेत.

हे सांगितलंत ते फार चांगलं केलंत. दारूने उदासी वाढते आणि स्वतःला आवरायची ताकद कमी होते, त्यामुळे एरवी टळून जाणारा विचार त्या तासाभरात अंगावर येतो. आत्ता एक करा: गोळ्या घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात द्या, एकटे राहू नका आणि १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि रोजच्या रोज द्याव्यात. आमच्याकडूनही महिन्याऐवजी आठवड्याच्याच न्या, फेरी पडली तरी चालेल. प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली होता असं धरतं आणि शिक्षेपासून संरक्षण देतं.

१५. डॉक्टरांना पिण्याबद्दल सांगितलं तर गोळी बंद करतील, गावभर होईल. म्हणून सांगत नाही.

सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी मला हीच भीती दिसते. डॉक्टर गोळी तुम्ही सांगितलेल्या माहितीवर निवडतात. "पीत नाही" म्हटलं की पीत नसलेल्या माणसाची गोळी मिळते. खरं सांगितलं तर कमी गुंगीचं औषध, कमी मात्रा, यकृताला झेपेल अशी निवड करता येते. कोणी काही न विचारता एकदम बंद करू पाहत असेल, तर प्रश्न ५ मधली फिटची गोष्ट काढा आणि हळूहळू उतरवायला सांगा.

गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच, कलम २३ मध्ये आहे. "रत्नागिरीला नेलं" म्हटलं की अजून माणसं कुजबुजतात हे मला माहीत आहे. तिथलं मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, आणि नावाभोवती साचलेली भीतीही तितकीच जुनी असेल. गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलायला संकोच वाटत असेल तर पहिलं बोलणं १४४१६ वर करा. तिथे तुमचा चेहरा कोणी बघत नाही.

१६. गणपतीला मुंबईहून गावी आलोय, गोळ्या घरी राहिल्या. चिठ्ठीशिवाय पाच दिवसांच्या द्याल का?

देता येत नाहीत. यातल्या बऱ्याच गोळ्या २०१४ पासून एच१ या यादीत आहेत: डॉक्टरांची चिठ्ठी लागते, नोंदवहीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. पण "पाच दिवस गोळी नाही तर नाही, रात्री एखादा पेग मारू" असं मनात असेल तर जाऊ नका, थांबा. आम्ही तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून देतो, नाहीतर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आजच दाखवून चिठ्ठी घ्या. घरी कोणी असेल तर नेहमीच्या पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो मागवा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना नाव आणि मात्रा नेमकी कळेल.